काय घरात, काय बाहेर : आमची वाटचाल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर आम्ही सुरुवात केली, तेव्हा टर्निंग (लेथवरचं काम) सोडलं तर सगळंच जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्यांत करून घ्यायला जायचं. मिलिंग शेजारच्या गल्लीत, हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं) आणि प्लेटिंग (धातूचा मुलामा) सातपूरला. आम्ही शाफ्ट आणि पिना बनवतो.

सगळ्यात आधी घरात आणलं ते ग्राइंडिंग, म्हणजे घासून अचूक माप आणणं. नुसता दर पाहिला असता तर मशीन घेतलंच नसतं. बाहेर नगामागे स्वस्तच पडत होतं. पण बेअरिंग बसते त्या जागेचं माप ग्राइंडिंगच ठरवतं. 25 मिलिमीटरच्या शाफ्टला आयटी-6 या अचूकतेच्या ग्रेडमध्ये वाव असतो फक्त 13 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाहेरून लॉट परत येईपर्यंत माप सरकल्याचं कळायचं नाही, आणि ग्राहक जाब विचारणार आम्हालाच. आता ऑपरेटर दर काही नगांनंतर मायक्रोमीटर लावतो, गरज दिसली की तिथल्या तिथे व्हील ड्रेस करतो, म्हणजे घासणाऱ्या चाकाला पुन्हा धार आणि आकार देतो. ज्या मापावर आमचं नाव टिकतं, ते काम आमच्याच छपराखाली हवं, यावर मी ठाम आहे.

हीट ट्रीटमेंट मात्र बाहेरच ठेवली. कार्बुरायझिंगची (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवण्याची) भट्टी 900 अंशांच्या वर कित्येक तास चालते. ती भरून चालली तरच परवडते. आमचे लॉट लहान. भट्टीवाला चार जणांचा माल एकत्र लावतो, म्हणून त्याला जमतं. आम्ही हार्डनेस टेस्टर घेतला आणि प्रत्येक लॉटसोबत टेस्ट पीस (तपासणीचा नमुना तुकडा) पाठवतो. काम बाहेर, तपासणी घरात.

प्लेटिंगला सांडपाणी प्रक्रिया आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. गोदाकाठच्या गावात हे काम ज्यांच्याकडे पूर्ण व्यवस्था आहे त्यांनीच करावं. आमचं काम आधीचं : झिंकचा 8 मायक्रॉनचा थर चढला की आट्यांचा पिच डायमीटर (आट्यांच्या उंचीच्या साधारण मध्यावर मोजलेला व्यास) सुमारे 32 मायक्रॉनने वाढतो, म्हणून आट्यांचं माप तेवढं कमी ठेवूनच माल पाठवायचा. मालासोबत जाणाऱ्या चलनाची नोंदही चोख लागते. जीएसटीत जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही तर तो पुरवठाच धरला जातो.

सध्या व्हीएमसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा विचार चालू आहे. हप्ता मशीन बंद असतानाही भरावा लागतो. वर्षभर एक शिफ्ट भरेल एवढं काम हातात आलं तरच घेऊ. तोवर मिलिंग शेजारच्या गल्लीतच.