माद्रिदची तापास-फेरी: कुठे उभं राहायचं, काय मागायचं आणि सांग्रियाचं काय करायचं

मुंबईहून माद्रिदला उतरलेल्या माणसाने पहिल्या दिवशी रात्रीची तापास-फेरी, म्हणजे बारमागून बार फिरत पेयासोबत छोटे पदार्थ खाण्याची फेरी, घेऊ नये. उन्हाळ्यात भारताचं घड्याळ स्पेनच्या साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार. रात्री साडेआठला फेरी निघते तेव्हा पोटाच्या हिशेबाने मध्यरात्र झालेली असते आणि शेवटच्या बारमध्ये पोचेपर्यंत पहाटेचे तीन. अशा वेळी तेलातली कोळंबी आणि वाइन कितीही चांगली असली तरी नको होते. दुपारची फेरी घ्यावी. बाराच्या सुमारास सुरू होते, चारला मोकळे. शिवाय ही वेळ माद्रिदची स्वतःची आहे. बारा ते दोन हा तिथे व्हेर्मूत (औषधी वनस्पती घातलेली गोडसर वाइन) पिण्याचा वेळ, दोननंतर जेवण.

वार शनिवार असला तर उत्तम. रविवारी रास्त्रोचा रस्त्यावरचा बाजार भरतो. तो तीनच्या आसपास उठला की गर्दी जवळच्या ला लातिना वस्तीच्या बारांत शिरते आणि काउंटरला कोपर टेकवायलाही जागा उरत नाही. सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात.

वाटाड्यासह चार तास, चार-पाच थांबे आणि आठ-दहा माणसांचा गट, याचे खाण्यापिण्यासकट माणशी साधारण ८० ते ११० युरो पडतात. तेवढंच खाणं स्वतः फिरून जवळपास निम्म्या पैशात होतं. मग वाटाड्याला पैसे का द्यायचे? काउंटरवर कसं वागायचं ते शिकायला. म्हणून ही फेरी मुक्कामाच्या सुरुवातीलाच करावी, शेवटच्या दिवशी केली तर शिकलेलं वापरायला दिवसच उरत नाहीत. नोंदणी करण्याआधी थांबे किती, पेये किती आणि बसायचं की उभं राहायचं, हे लेखी विचारा. कार्यक्रमात पाएया (स्पॅनिश भात) दिसली तर दुसरी फेरी शोधा. तो वालेन्सियाकडचा पदार्थ, माद्रिदच्या तापासशी त्याचा संबंध नाही.

तापास म्हणजे स्पॅनिश चाखणा, असं आपल्याकडे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. चाखण्यात बाटली मुख्य आणि शेंगदाणे तिच्या सोबतीला. इथे पेला लहान ठेवतात तो खाण्यासाठी आणि चालण्यासाठी. बिअरची ‘कान्या’ जेमतेम २०० मिलीची असते. एका बारमध्ये एक कान्या, एक-दोन पदार्थ, की पुढे. एकाच ठिकाणी पोट भरायला बसलात तर तो तापासचा कार्यक्रम राहत नाही. मापंही समजून घ्या. तापा म्हणजे दोन-चार घास, मेदिया रासिओन म्हणजे अर्धी ताटली, रासिओन म्हणजे तीन-चार जणांना पुरेल अशी पूर्ण ताटली. चौघांनी आपापली एक रासिओन मागवण्याची चूक नेहमी होते, आणि दुसऱ्याच थांब्यावर सगळे हात टेकतात. पेयाबरोबर फुकट तापा मिळतो हे ग्रानादा शहरात भरघोस खरं आहे. माद्रिदला त्या नावाखाली चार ऑलिव्ह किंवा बटाट्याचे वेफर येतात.

पुएर्ता देल सोल (थोडक्यात सोल) या चौकापासून कावा बाखा या गल्लीपर्यंतची ही वाट दीड किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण पायाखाली दगडी फरशी आणि मध्ये उतार, तेव्हा टाचेच्या चपला नकोत. सुरुवात सोलला लागून असलेल्या तेतुआन गल्लीतल्या ‘कासा लाब्रा’पासून. दुकान १८६० चं. स्पेनच्या समाजवादी कामगार पक्षाची स्थापना १८७९ मध्ये इथेच झाली, तशी पाटीही बाहेर आहे. आत खाण्याचा काउंटर वेगळा आणि पिण्याचा वेगळा. गटातल्या एकाने इकडे, एकाने तिकडे लागायचं. घ्यायचं ते बाकालाओ, म्हणजे खारवलेला कॉड मासा. त्याचा पिठात बुडवून तळलेला तुकडा आणि त्याचीच क्रोकेता, म्हणजे सारणाचा तळलेला गोळा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावात खारवलेल्या माशाला एवढा मान कसा, हा प्रश्न घाटावर सुकट आणि सुके बोंबील खाणाऱ्याला पडू नये. सोबत व्हेर्मूत घ्या, पिंपातून नळाने येतं ते, ‘दे ग्रीफो’. बर्फ, संत्र्याची फोड आणि एक ऑलिव्ह. गोड वाटतं म्हणून पटापट पिऊ नका, वाइनपेक्षा ते थोडं चढंच असतं.

क्रोकेताची परीक्षा सोपी आहे. बाहेरचं कवच पातळ आणि कुरकुरीत, आत दाट पण वाहू पाहणारं पांढरं सारण. एक लिटर दुधाला साधारण १०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम लोणी धरून हे सारण मंद आचेवर अर्धा तास ढवळतात, मग रात्रभर फ्रिजमध्ये घट्ट करून वळतात. सारण गार नसेल तर क्रोकेता तेलात फुटते, आणि मैदा पुरेसा परतला नसेल तर कच्चट लागते. पूर्ण एका घासात टाकू नका. वरून कोमट वाटते, आत टाळू भाजण्याइतकी गरम असते.

सोल ओलांडून व्हिक्टोरिया गल्लीत गेलं की १९०६ पासूनचं ‘ला कासा देल आबुएलो’. इथे एकच गोष्ट बघायची: गाम्बास अल आखियो, लसणीतली कोळंबी. मातीची बशीएवढी ताटली समोर येते तेव्हा तेल अजून उकळत असतं, काठावर बुडबुडे फुटत असतात आणि लसणीच्या चकत्या तळाशी थरथरत असतात. आचेवरून काढल्यावरही ताटलीतच कोळंबी शिजत राहते. म्हणून स्वयंपाकी ती अर्धवट गुलाबी असतानाच उचलतो. घरी करायची तर सोललेली कोळंबी २५० ग्रॅम, ऑलिव्ह तेल १०० मिली, लसणीच्या पाच-सहा पाकळ्या आणि एक-दोन सुक्या लाल मिरच्या. लसूण थंड तेलात घालून तापवायची. कडा सोनेरी होताच कोळंबी, दोन मिनिटं, बस्स. इथे दोन चुका होतात. लसूण तपकिरी झाली तर सगळं तेल कडू होतं. कोळंबी ओली राहिली तर तेल उडतं आणि ती तळण्याऐवजी पाण्यात शिजते, म्हणून कापडाने कोरडी करा. बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरा आणि पाव राखून ठेवा, खरी चव तळच्या तेलात आहे. पाव आपोआप टेबलावर येतो, पण तो बऱ्याच ठिकाणी बिलात लागतो.

प्लाझा मायोर या मोठ्या चौकातून चालत पुढे जायचं, बसायचं नाही. कमानींच्या आसपास तळलेल्या कालामारीच्या (म्हाकुळाच्या) कड्या भरलेला पाव मिळतो, बोकादियो दे कालामारेस. तो कोरडाच असतो, त्यात भाजी नाही की चटणी नाही. वडापावची सवय असलेल्याला तो उणा वाटतो. चौघांत एक घ्या. गिऱ्हाईक सतत असेल तिथेच घ्यावा. तळून ठेवलेली कडी पाच मिनिटांत रबर होते. शेजारचा सान मिगेल बाजार १९१६ चा, लोखंड आणि काचेचा. २००९ पासून तो खाण्याच्या ठेल्यांचा आहे. दहा मिनिटं डोळे भरून बघा, भाव चढे असतात.

तिथून कुचियेरोस गल्लीने खाली उतरलं की कावा बाखा. जुन्या तटाबाहेरच्या खंदकाच्या जागी वसलेली ही अरुंद गल्ली. बाजाराला येणाऱ्या गाडीवाल्यांच्या खानावळी इथे होत्या, त्यांची ‘पोसादा’ ही नावं अजून दारांवर दिसतात. फेरीचा जास्त वेळ इथेच जावा.

पहिली तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. बटाट्याच्या पातळ फोडी भरपूर ऑलिव्ह तेलात तळायच्या नाहीत, मंद आचेवर मऊ करायच्या. मग तेल गाळून त्या फेटलेल्या अंड्यात दहा मिनिटं मुरवायच्या, मग तवा. ७०० ग्रॅम बटाट्याला सहा अंडी. कांदा घालावा की नाही यावर तिथे घराघरांत वाद आहेत, आपल्याकडच्या पुरणपोळीला गूळ की साखर या वादासारखे. माद्रिदमध्ये ती आतून ओलसर, कधी चक्क वाहती देतात. कच्चं अंडं नको असेल तर आधीच ‘बिएन कुआखादा’, म्हणजे नीट घट्ट झालेली, असं सांगा.

मग पातातास ब्रावास. तळलेल्या बटाट्यावरचा लाल सॉस टोमॅटोचा असतो असा समज आहे. माद्रिदच्या जुन्या पद्धतीत टोमॅटो नसतोच. तेलात पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीची पूड आणि थोडा मैदा परतून वर मांसाचं किंवा कोंबडीचं पाणी घालतात. ला वेरा भागातली पिमेंतोन ओकच्या धुरावर वाळवलेली असते. तिखट कमी, वास मात्र चुलीजवळचा. स्पॅनिश चोरिसोला (डुकराच्या मांसाच्या सॉसेजला) हाच धूर असतो. गोव्याच्या चोरिसाला व्हिनेगरचा आंबटपणा आणि आपली मिरची. नाव जवळपास तेच, पण एकाच्या जागी दुसरं घातलं तर पदार्थ बदलतो.

खामोन, म्हणजे मुरवलेली डुकराची मांडी, खाणाऱ्यांनी पायाला बांधलेल्या पट्टीचा रंग बघावा. २०१४ पासूनच्या नियमाने काळी पट्टी म्हणजे शंभर टक्के इबेरिको जातीचं, ओकची फळं खाऊन वाढलेलं डुक्कर. लाल म्हणजे तेच खाणं पण संकरित जात, हिरवी म्हणजे कुरणात चरलेलं आणि धान्यही खाल्लेलं, पांढरी म्हणजे गोठ्यात धान्यावर वाढलेलं. ‘पाता नेग्रा’ (काळा पाय) हे शब्द फक्त काळ्या पट्टीला वापरता येतात. फेरीत पट्टी न दाखवता ‘सर्वोत्तम खामोन’ म्हणाले तर विचारा, न लाजता. मांसातले बारीक पांढरे ठिपके खराबीचे नसतात, मुरण्यात ते तयार होतात.

शाकाहारी मंडळींनी जरा जास्त सावध राहावं. ‘सोय वेखेतारियानो’ (बाई असल्यास ‘वेखेतारियाना’) एवढ्यावर भागत नाही, कारण बऱ्याच जणांच्या लेखी मासा आणि खामोनचे कण म्हणजे मांस नव्हे. ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो’ असं तिन्ही सांगा. ऑलिव्ह बहुधा अँचोव्ही मासा भरलेली असतात. एन्सालादिया रुसा या बटाट्याच्या कोशिंबिरीत टूना असतो. साल्मोरेखो या गार टोमॅटो-सारावर अंडं आणि खामोन भुरभुरतात. ब्रावासच्या सॉसचं वर सांगितलंच. मांचेगो चीजला पारंपरिक पद्धतीत वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण लागतं. निर्धास्त राहायचं तर टोमॅटो चोळलेला पाव, आणि पिमिएंतोस दे पाद्रोन, म्हणजे तळून जाडं मीठ भुरभुरलेल्या लहान हिरव्या मिरच्या. त्यांतली एखादीच तिखट निघते, आपल्या जिभेला तीही नाही. मात्र तळण बहुतेक ठिकाणी कालामारीच्याच कढईत होतं, ते विचारा. कांदा, लसूण आणि बटाटाही वर्ज्य असणाऱ्यांनी या फेरीवर पैसे घालवू नयेत.

पाणी मागताना ‘आगुआ देल ग्रीफो’ म्हणा. २०२२ च्या कायद्याने बार-रेस्टॉरंटांना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. बाहेरच्या टेबलांवर बसल्यास भाव अनेकदा जास्त. पैसे शेवटी द्यायचे, टिप म्हणून वरची नाणी ठेवली तरी पुरे.

आता सांग्रिया, म्हणजे फळं घातलेली गार लाल वाइन. या फेरीतली सगळ्यात कमी माद्रिदी गोष्ट तीच. उन्हाळ्यात तिथले लोक स्वतःसाठी ‘तिंतो दे वेरानो’ मागवतात. निम्मी लाल वाइन, निम्मं गासेओसा हे फिकं गोडसर सोडापाणी, बर्फ आणि लिंबाची फोड. स्वस्त आणि हलकं. सांग्रियाची भांडी (जग) बऱ्याच ठिकाणी तयार बाटलीतून भरतात. युरोपीय नियमाने बाटलीवर नुसतं ‘सांग्रिया’ लिहायचं तर ती स्पेन किंवा पोर्तुगालची असावी लागते आणि मद्यांश ४.५ ते १२ टक्क्यांच्या मध्ये असावा लागतो. एवढ्याने ती चांगली ठरत नाही. त्यामुळे फेरी अशी निवडा, जिच्यात सांग्रिया समोर करून दाखवतात.

सहा जणांसाठी ७५० मिली तरुण लाल वाइन, तेंप्रानियो किंवा गार्नाचा द्राक्षांची. लाकडी पिंपात मुरवलेली नको, फळांबरोबर ती तुरट होते. एक संत्रं, एक लिंबू, एक कडक पीच, दोन मोठे चमचे साखर, ५० मिली ब्रँडी, दालचिनीचा तुकडा. साखर आधी संत्र्याच्या रसात विरघळवा, गार वाइनमध्ये ती तळाशी बसते. फ्रिजमध्ये दोन-तीन तास पुरे. त्याहून जास्त ठेवायची तर संत्र्या-लिंबाच्या फोडी काढून घ्या, सालीखालचा पांढरा भाग कडवटपणा सोडतो. २५० मिली सोडा अगदी वाढताना, आणि बर्फ जगमध्ये न टाकता पेल्यात. घरी करताना नाशिकची साधी शिराझ चालते. आपल्या बाजारातली जाड दालचिनी उग्र असते, अर्धं बोट पुरे. पीचऐवजी सफरचंद घ्या. आंबा मात्र नको, त्याचा गाळ होतो.

जग संपल्यावर तळाशी राहिलेली फळं गोड दिसतात आणि मुलं हात घालतात. त्यांना देऊ नका, वाइन आणि ब्रँडी फळांत मुरलेली असते.