नव्या वहीचं पहिलं पान

कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाची पहिली तीन प्रकरणं एजंटांना, म्हणजे लेखकासाठी प्रकाशक शोधणाऱ्यांना, पाठवून आज नऊ आठवडे झाले. मराठीत आपण हस्तलिखित बहुधा थेट प्रकाशकाकडे देतो, त्यामुळे हे मधलं थांबणं मला नवीन आहे. आणि जड जातं, खरंच.

सकाळपासून चारदा मेल उघडून पाहिला. मग फोन घरीच ठेवला आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या पुणे नगर वाचन मंदिरात गेले. १८४८ सालची संस्था! शेजारचे आजोबा बोट ओलं करून जुना दिवाळी अंक उलटत होते. एका पानाशी थांबले आणि आवाज न करता, खांदे हलवत हसले. ते हसू मी नव्या कथेतल्या आजीला दिलं.

येताना अप्पा बळवंत चौकातून दोन फुलस्केप वह्या घेतल्या. आजी उद्या बोलायला लागेल बहुतेक.