बासकडे कान

शनिवार, रात्री दीड

झोप उडाली आहे, तर लिहूनच टाकते.

आज लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या छोट्या क्लबात चौघांचं जॅझ ऐकलं. सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम्स. चौघंही इथलेच, तिघं मुंबईचे आणि बासवाला वसईचा. सॅक्सवाला फार सुरेख वाजवतो. जाड, किंचित खरखरीत सूर, आणि संथ धुनेत एकेक स्वर असा सोडायचा की पुढचा कधी येतो याची वाट बघत बसावं. टाळ्याही सगळ्यात जास्त त्यालाच मिळाल्या, मिळायलाच हव्यात. पण आज मला बासवाल्याबद्दल लिहायचं आहे.

डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घाटाचं, पण माणसापेक्षा उंच वाद्य. चार तारा, आणि सगळ्यात खालच्या तारेचा स्वर इतका खर्जातला की कानाआधी छातीला कळतो. लय धरली की तो प्रत्येक मात्रेला एक स्वर टाकत चालत राहतो, म्हणून तर त्याला ‘वॉकिंग बास’ म्हणतात. नुसता ठेका धरणं असतं तर ड्रम्स होतेच की. बास त्या ठेक्यात सुरावटीची वाटही दाखवत असतो. आता कुठला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, चालू आहे, पुढचा कुठला येणार, आवर्तन कुठे वळणार, सगळं त्या चालत्या स्वरांत असतं.

आज वाजवलेल्या बऱ्याच धुना 32 बारांच्या, म्हणजे तालाच्या 32 खणांच्या होत्या. आठ बारांचा पहिला भाग दोनदा, मग वेगळ्या रंगाचा तिसरा, मग पुन्हा पहिला. एका बारात चार मात्रा, म्हणजे आवर्तन 128 मात्रांचं. मिनिटाला 160 मात्रांची लय असेल तर एक फेरी 48 सेकंदांत संपते. सॅक्सवाला अशा पाच-सहा फेऱ्या मनाला येईल तसा हिंडतो, मूळ धून कुठल्या कुठे राहते, आणि तरी तो नेमक्या जागी परत उतरतो.

तबल्याचं एकलवादन ऐकत वाढलेल्या माणसाला इथे लेहरा आठवणारच. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर ती एकच ओळ फिरत राहते आणि तिच्या भरवशावर तबलजी कायदे, रेले, चक्रदार मांडत जातो. बासचं कामही तेच, आवर्तन सांभाळायचं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की लेहरा दर आवर्तनाला तोच असतो आणि बासवाला दर फेरीला नवी वाट काढतो. सांभाळायचंही आणि नवीन रचायचंही. सॅक्सवाल्याने मध्येच एक तुकडा तीनदा उलटासुलटा करून वाजवला, तर तिसऱ्या वेळी बासने खालून त्यालाच उत्तर दिलं, एकही मात्रा न सोडता. सॅक्सवाल्याने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या दोघांशिवाय फार थोड्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल.

मग बासवाल्याची स्वतःची पाळी आली. सॅक्स थांबला, पियानो अधूनमधून एखादा कॉर्ड ठेवू लागला, ड्रमरने काठ्या खाली ठेवून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पायाने झांजा मिटणं तेवढं चालू ठेवलं. आणि सगळा क्लब बोलायला लागला. मागच्या टेबलावर कुणाच्या तरी बदलीची चर्चा, बारपाशी ऑर्डरी. बासचा सोलो म्हणजे जणू मध्यंतरच. मला मनापासून वाईट वाटलं. ज्याच्या आधारावर इतका वेळ सगळं उभं होतं, तो पहिल्यांदा एकटा काही सांगू बघतो, आणि नेमका तेव्हाच कुणाला कान नाही.

या शहराने तरी असं करू नये. 1935 साली अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबीचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजला, आणि पुढे इथलं जॅझ मोठं केलं ते प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेली ही माणसं. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा फिल्मी स्टुडिओत रेकॉर्डिंग. हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवायचा. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर त्याने काम केलं, आणि 1951 च्या ‘अलबेला’ सिनेमात तर त्याचं पथक पडद्यावरही दिसतं. पण असं दिसणं किती जणांच्या वाट्याला आलं? सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्सालविस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांनी चाली कागदावर उतरवल्या, वाद्यावाद्यांत वाटून दिल्या. आपण मात्र गायकाचं नाव घेतो, संगीतकाराचं घेतो, आणि त्या गाण्याखाली बास कुणी वाजवला हे विचारतही नाही. आज मागच्या टेबलावरची बडबड ऐकताना मला हेच सगळं आठवत होतं.

मध्यंतरात मुद्दाम बासवाल्याशी बोलायला गेले. वयाने लहान, बोलायला मोकळा. दिवसा शाळेत संगीत शिकवतो. वाद्य लोकलमध्ये चढवता येत नाही, वसईहून टेम्पो करावा लागतो, त्यात मिळालेल्या पैशांतले बरेच जातात. इलेक्ट्रिक बास घेतला तर पाठीला अडकवून येता येईल, पण लाकडाचा आवाज त्याला सोडवत नाही. पावसाळ्यात तेच लाकूड दमट हवेने फुगतं, तारा बोटं दाबायच्या पट्टीपासून वर उचलल्या जातात, आणि रोज नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

विचारलं, “तुमच्या सोलोला लोक बोलत बसतात, राग नाही येत?”

“येतो ना ताई. पण मोठ्याने वाजवलं की ते अजून मोठ्याने बोलतात. म्हणून मी हळू करतो.”

दुसऱ्या भागात त्याने तसंच केलं. एका संथ धुनेत सोलो आला तेव्हा त्याने गज उचलला, बोटांनी वाजवायचं सोडून तारेवर गज ओढला, आणि आवाज इतका खाली नेला की पुढची दोन टेबलं गप्प झाली, मग त्यांच्या मागचं. बारपाशी गडबड चालूच होती, तरी निम्म्याहून जास्त लोक ऐकत होते. सॅक्सवाला बाजूला उभा राहून टाळी न वाजवता नुसता मान हलवत होता. मूळ धून परत आली तेव्हा चौघंही हसत होते.

हे चौघं गुरुवारी पुन्हा आहेत. बहिणीला घेऊन जाणार. लवकर निघायला हवं, म्हणजे डाव्या बाजूचं टेबल मिळेल. बारजवळ बसलं तर खर्ज ऐकू येतो, पण तारेवरच्या बोटांचा आवाज तिथवर पोचत नाही, आणि तो तिने ऐकायलाच हवा.