माउस हलवला की किर्र किर्र

काहीच वाजत नसताना हेडफोन डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकला लावा आणि व्हॉल्यूम फुल करा (आधी नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर कान गेलाच म्हणून समजा). बऱ्याच मशीनवर बारीक स्स्स ऐकू येतं, माउस हलवला की त्यात किर्र किर्र, स्क्रोल केलं की अजून काहीतरी तिसरंच. लोक वैतागतात याला, मला मात्र ऐकायला जाम मजा येते.

म्हणजे कसंय, कॉम्प्युटरच्या आत आवाजबिवाज काही नसतो, नुसते आकडे. माइकवरून आलेलं व्होल्टेज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचं आणि दरवेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी जवळची पायरी लिहून ठेवायची, झाली सीडी क्वालिटी. आपल्याला ऐकू येतं फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं), तेही तरुणपणी, आणि जी फ्रिक्वेन्सी पकडायची तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून चाळीस हजाराच्या थोडं वर. पण नेमके ४४,१००च का? तर सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे आणि तिथल्या चित्राच्या रेषांच्या हिशोबात हा आकडा बसत होता. ती टेप कधीच गेली, आकडा अजून आहे.

आता हे आकडे हजारदा कॉपी करा, फरक शून्य. पण शेवटी कानाला आकडे देऊन चालत नाही ना, मग डॅक नावाची चिप त्यांचं परत व्होल्टेज करते आणि पुढची जी हातभर वायर असते ना, सगळा घोळ तिथे. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डवरून निघून ग्राफिक्स कार्ड, पंखे, पॉवर सप्लाय यांच्या आजूबाजूने येते, त्यामुळे भिंतीपलीकडची भांडणं ऐकू यावीत तशी आतली सगळी गडबड तिच्यात उतरते. हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावला तर बरेचदा फरक पडतो, यूएसबीवाला बारका डॅक घेतला तर आणखी, कारण आकड्यांचं व्होल्टेज कॅबिनेटच्या बाहेर होतं. तरी लोक १९२ किलोहर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला १,९२,००० वेळा मोजलेल्या) फाइल शोधत बसतात आणि ऐकतात त्याच पुढच्या जॅकवर, काय बोलणार!

गुलाबी, म्हणजे माइकच्या जॅकची तर वेगळीच तऱ्हा. माइकचा सिग्नल मुळात काही मिलिव्होल्टचा, म्हणून लोक सेटिंगमध्ये जाऊन माइकचा बूस्ट २० डीबीने (डेसिबलने) वाढवतात, म्हणजे व्होल्टेज दहापट, आणि त्याच्यासोबत ते स्स्सही दहापट. माइक तोंडाजवळ आणा की राव, बूस्ट फारसा लागणारच नाही.