नावाचा एकच रकाना

शनिवार, रात्री

घरातल्या फिल्म आणि कॅसेटची सूची कशात करायची, हे आज ठरवायचेच असे सकाळी पक्के केले होते, आणि आता रात्र झाली तरी ते ठरलेले नाही. नानांची सुपर ८ ची (आठ मिलिमीटर फिल्मची) रिळे, लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेट, दादाच्या कॅमेऱ्यातल्या मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेट, आणि नंतर मोबाइलवर घेतलेले सगळे, यातले निम्मेअधिक आता हार्ड डिस्कवर आले आहे. कशात काय आहे आणि कोण आहे, हे लिहून ठेवण्याचे काम उरले आहे. ते तांत्रिक काम आहे असे मी समजत होते. दुपारी आत्या येऊन गेल्यापासून तसे वाटत नाही.

तिने विशेष काही म्हटले नाही. मी एका ॲपमध्ये चाचणीपुरत्या काही नोंदी केल्या होत्या, त्या तिला दाखवत होते. १९७२ च्या सुमाराच्या रिळात ती फ्रॉक घालून चौपाटीवर धावते आहे, आणि त्याखाली तिचे सासरचे नाव, आडनावासकट, उमटले होते. कारण त्या ॲपमध्ये एका चेहऱ्याला एकच नाव देता येते आणि ते एकदा दिले की त्या माणसाच्या सगळ्या चित्रफितींना आपोआप लागते. आत्याने चष्मा सारखा केला, वाचले आणि म्हणाली, "तेव्हा हे नाव नव्हतं गं." मग तिने चहाचे विचारले आणि आम्ही दुसरे काहीतरी बोलू लागलो. तिच्या लेखी विषय तिथेच मिटला असावा. मी मात्र तेव्हापासून तेच वाक्य घोळवत बसले आहे.

तिच्या लग्नाची कॅसेट १९८४ ची आहे. तीन तासांची, काठोकाठ भरलेली. तिच्या पहिल्या दोन तासांत सगळे तिला एका नावाने हाका मारतात, नाना तर फार मोठ्याने. आणि शेवटाकडे, वरात घरी पोचल्यावर, लक्ष्मीपूजनाच्या वेळी तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरे नाव लिहिले जाते, कोणीतरी ते वाचून दाखवते आणि पेढे फिरतात. कॅमेरावाल्याने ताटाचा भाग बराच वेळ घेतला आहे, अक्षरे स्पष्ट वाचता येतात. एकाच कॅसेटमध्ये एक माणूस एका नावाने आत येतो आणि दुसऱ्या नावाने बाहेर पडतो. या कॅसेटपुढे 'व्यक्ती' या रकान्यात काय लिहावे? दोन्ही नावे लिहिली तर सूचीत दोन बायका दिसतात. एकच लिहिले तर कॅसेटचा अर्धा भाग खोटा ठरतो. (माझ्या लग्नात ते ताट नव्हते. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

गेले काही आठवडे मी जी साधने पाहिली, ती आज या एकाच प्रश्नासाठी पुन्हा उघडून पाहिली. चित्रपटांच्या डीव्हीडींचा संग्रह मांडणारी बरीच सॉफ्टवेअर आहेत, पण ती आपल्या कामाची नाहीत, कारण ती फाइलच्या नावावरून इंटरनेटवरच्या माहितीकोशात चित्रपट शोधतात आणि तिथून दिग्दर्शक, कलाकार व पोस्टर उचलून आणतात. घरच्या फिल्म कुठल्याच माहितीकोशात नसतात. मग ती जवळपासचे काहीतरी आणून लावतात. आत्याच्या लग्नाच्या फाइलवर मला एका परदेशी चित्रपटाचे पोस्टर दिसले आणि ते काढून टाकेपर्यंत अस्वस्थ वाटत राहिले. जेलीफिन या सॉफ्टवेअरमध्ये घरच्या चित्रफितींसाठी वेगळा विभाग आहे आणि तो असा बाहेर शोध घेत नाही. टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहण्यासाठी ते उत्तमच आहे आणि मी ते ठेवणार आहे. पण ते मुळात पाहण्याचे साधन आहे. माणसांचे नातेगोते सांभाळणे हे त्याचे काम नव्हे.

दुसऱ्या टोकाला कलेक्टिव्हॲक्सेस आहे, जे संग्रहालये वापरतात. त्यात व्यक्तीची स्वतंत्र नोंद करता येते, एका व्यक्तीला अनेक नावे देता येतात, आणि ही व्यक्ती त्या वस्तूशी कोणत्या नात्याने जोडलेली आहे हेही सांगता येते. वाचून मला फार बरे वाटले होते. पण त्याला सर्व्हर लागतो, डेटाबेस बसवावा लागतो आणि ते वर्षानुवर्षे चालते ठेवावे लागते. माझ्यानंतर ते कोण चालते ठेवणार? दादाचा मुलगा हुशार आहे, पण त्याच्यावर हे ओझे टाकायचे नाही.

यात मला सर्वांत जास्त खटकते ते हे, की तारखेच्या बाबतीत जगाने केवढा समजूतदारपणा दाखवला आहे. व्हीएचएसला स्वतःची तारीख ठाऊक नसते, सुपर ८ च्या रिळाला तर नाहीच. मिनीडीव्ही तेवढी चित्राबरोबर तारीख आणि वेळ फितीवर नोंदवून ठेवते, तीही कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असेल तर. म्हणून अंदाजाच्या तारखा लिहिण्याची एक रीतसर पद्धत आहे, २०१९ पासून ती आंतरराष्ट्रीय प्रमाणातही आली आहे: वर्षापुढे नागमोडी रेघ काढली की 'साधारण', प्रश्नचिन्ह काढले की 'खात्री नाही'. १९७२ पुढे मी ती नागमोडी रेघ काढली तेव्हा खोटे न लिहिल्याचे समाधान वाटले. वर्षाला 'साधारण' असण्याची मुभा आहे, मग बाईच्या नावाला 'त्या वेळी' असण्याची मुभा या रोजच्या वापरातल्या साधनांमध्ये का नसावी?

स्थळांच्या बाबतीत तर आपण सगळेच सहज समजूतदार असतो. त्याच रिळात पुढे नाना स्टेशनच्या पाटीखाली उभे आहेत आणि पाटीवर एल्फिन्स्टन रोड आहे. २०१८ पासून ते प्रभादेवी आहे. मी स्थळाच्या रकान्यात 'प्रभादेवी, तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड' असे लिहिले आणि क्षणभरही थांबले नाही. व्हीटीचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आले, आणि तरी टॅक्सीवाल्याला कुठलेही नाव सांगितले तरी तो तिथेच नेतो. लॅमिंग्टन रोडवर मी व्हीसीआर दुरुस्त करून आणला, त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे. या शहरात राहणाऱ्याला जुने आणि नवे नाव एकत्र बाळगण्याची सवयच असते. स्टेशनला जे मी न विचारता दिले, ते आत्याला देण्यासाठी मला साधन शोधत फिरावे लागते आहे, हे लिहितानाही मन दुखते.

ग्रंथालयांनी हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे हे मला माहीत आहे. एखाद्या कवीने कविता टोपणनावाने लिहिल्या आणि नाटके खऱ्या नावाने, तरी तालिकेत दोन्ही नावांवरून वाचक त्याच माणसापाशी पोचतो. पण जुन्या तालिकेत त्यासाठी एक नाव मुख्य धरतात आणि दुसऱ्यापुढे 'पाहा' असे लिहून मुख्य नावाकडे पाठवतात. म्हणजे पुन्हा तेच. आत्याचे कोणते नाव मुख्य आणि कोणत्या नावापुढे 'पाहा'? चाळीस वर्षे तिने ज्या नावाने बँकेत सह्या केल्या ते, की ज्या नावाने तिला नाना हाक मारत होते आणि जे आता तोंडी असलेले कोणीच फारसे उरलेले नाही ते? 'आत्या' असे लिहून मोकळे व्हावे असेही मनात आले, पण ती माझी आत्या आहे. दादाच्या मुलाची ती आजी आहे, अक्काची नणंद आहे. ते नाव सूचीचे नाही, माझ्या जागेचे आहे.

संध्याकाळी थोडे रडू आले. हे सगळे माझ्याकडेच का आले, असे वाटले. मी मुंबईत राहिले म्हणून कॅसेटचे खोके माझ्याकडे आले, बुरशी मी पुसली, व्हीसीआरसाठी मी हिंडले. आणि व्हीसीआर आता नवा मिळत नाही, शेवटची बनवणारी जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली, त्यामुळे आहे तो जपायचा ही काळजीही माझीच. बाकीचे फोनवर लिंक मागतात. एकानेही आजवर विचारले नाही की नावे कशी लिहिते आहेस. दादाबद्दल लिहायला घेतले होते, ते खोडले.

पण रात्री जेवण झाल्यावर पुन्हा बसले तेव्हा ध्यानात आले की विचारले कोणीतरी आहे. आत्यानेच विचारले आहे, तिच्या पद्धतीने. आणि खोके माझ्याकडे आले नसते तर १९७२ च्या त्या पोरीखाली कोणतेही नाव लागले नसते, चुकीचेही नाही. हे काम मला मिळाले आहे ते मला आवडते म्हणून. बाकीच्यांना ते आवडत नाही यात त्यांचा दोष नाही. हे मान्य केल्यावर डोके बरेच शांत झाले आणि पुढचे सुचत गेले.

एकाही नावाला मुख्य करायचे नाही. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचा आणि नावे त्या क्रमांकाखाली ठेवायची. माणसाला क्रमांक देणे पहिल्यांदा रुक्ष वाटते, पण क्रमांकाला ना माहेर असते ना सासर. चार तक्ते पुरतील. एकात माणसे, नुसते क्रमांक आणि असल्यास जन्मवर्ष. दुसऱ्यात नावे: क्रमांक, नाव, कधीपासून, कधीपर्यंत, आणि कोण त्या नावाने हाक मारत असे. तिसऱ्यात रिळे आणि कॅसेट. चौथ्यात कोण कोणत्या कॅसेटमध्ये कितव्या मिनिटापासून दिसते, म्हणजे ताटातल्या अक्षरांचा तो क्षणही मिनिटासकट नोंदवता येईल. नोंद १९७२ ची असेल तर तेव्हाचे नाव दिसेल, १९८४ च्या कॅसेटमध्ये दोन्ही दिसतील, आणि कोणत्याही नावाने शोधले तरी सगळे सापडेल.

यासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरणार आहे. सगळे तक्ते एकाच फाइलमध्ये राहतात, सर्व्हर लागत नाही, देवनागरी नीट राहते. ते लिहिणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळण्याचा शब्द दिला आहे आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीचे संच जतन करण्यासाठी सुचवलेल्या प्रकारांत त्याचे नाव आहे, त्यामुळे दादाच्या मुलाला निदान फाइल उघडता येईल. शिवाय दर महिन्याला चारही तक्ते साध्या मजकुराच्या रूपात काढून ठेवायचे आणि नावांच्या तक्त्याची एक छापील प्रत कपाटात. ज्यांची ओळख पटलेली नाही त्यांनाही क्रमांक मिळतील, नावाचा तक्ता त्यांच्यापुढे रिकामा राहील. आत्याच्या लग्नात हिरव्या शालूतल्या एक बाई सारख्या कॅमेऱ्याकडे बघून हसतात, त्या कोण हे कोणालाच आठवत नाही; त्यांनाही क्रमांक आहे.

फिल्म आणि कॅसेट हार्ड डिस्कवर उतरवून देणारा दुकानदार म्हणतो की बुरशी आलेल्या व्हीएचएस आधी उतरवून घ्या, पावसाळ्यात त्या आणखी बिघडतील. त्याचे खरे आहे. पण उरलेली सुपर ८ ची रिळे मुकी आहेत, त्यांत हाका ऐकू येत नाहीत, आणि त्यांतल्या माणसांची तेव्हाची नावे सांगू शकणारी आता आत्याच आहे. म्हणून रिळे आधी द्यायची. एक रीळ जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे असते. दर रविवारी दोन पाहिली तरी तिला थकवा येणार नाही. उद्या सकाळी तिला फोन करायचा आणि नावांच्या तक्त्यात तिच्या क्रमांकाखाली काय काय लिहायचे, हे तिलाच सांगायला सांगायचे.