टर्बो बसवला पण उतार विसरलो

ठाण्यात माजिवड्याच्या ब्रिजवर एक रिक्षावाला मुद्दाम बाजूला आला आणि ओरडला, "ओ शेठ, गाडी पेटली का काय?" आरशात बघतो तर मागे नुसता निळा धूर, म्युन्सिपालटीची डासांची गाडी फिरते ना तसा. टर्बो बसवून जेमतेम दोन दिवस झाले होते!

गाडी माझी जुनी सिटी व्हीटेक, २००१ ची, दीड लिटर, १०६ बीएचपी. वरच्या आरपीएमला अजून काय ओढते विचारू नका, पण गायमुखला कंटेनरच्या मागून चढताना खालून दम नाही, आणि तिथेच डोक्यात किडा शिरला. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम गॅसवर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने हवा दाबून इंजिनात कोंबायची, हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त म्हणून ताकद जास्त, हाच टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ मध्येच याचं पेटंट काढलंय, म्हणजे मी काही नवीन करत नव्हतो.

पण खरं सांगतो, टर्बो हा यातला सगळ्यात सोपा पार्ट. आपल्या साध्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा-पेट्रोल किती दाबतो ते, मुळातच जास्त असतं, त्यात वरून बूस्ट (टर्बोचा जादा दाब) दिला की प्लगने लावलेली आग पोचायच्या आतच उरलेलं पेट्रोल आपोआप भडकतं, तेच नॉकिंग, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि दुर्लक्ष केलं की पिस्टनला भोक. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये कंपनीने कॉम्प्रेशन सव्वादहा ठेवून टर्बो लावला होता, तर नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉल फवारायची वेगळी टाकी द्यावी लागली, आणि लोक ती भरायलाच विसरायचे (आपण वायपरचं पाणी तरी कुठे भरतो). मी पिस्टन-रॉड कंपनीचेच ठेवले म्हणून बूस्ट ०.४ बारच्या वर न्यायचा नाही असं ठरवलं. तरी मोठे इंजेक्टर, नवीन पंप, वेगळा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), तो सेट करणाऱ्या ट्यूनरची फी... घरी आकडा सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही.

इंटरकूलर पण हवाच, म्हणजे दाबून तापलेली हवा समोरच्या वाऱ्याने गार करणारी जाळी. बाहेर ३८ डिग्री असताना अर्धा बार दाबलेली हवा शंभरच्या आसपास तापते, आणि कापूरबावडीच्या सिग्नलला उभे राहिलात की समोरून वाराच नाही, मग तो कूलर कसला, हीटरच.

आणि हो, कायद्यात हे बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावर २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, शिवाय दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इन्शुरन्सवाल्याला कळलं की क्लेम पण गेला. ब्रिजवर मी चुकीचाच होतो, त्यात वाद नाही.

तर धूर. आधी वाटलं पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणून ऑइल जळतंय. वागळे इस्टेटच्या गॅरेजात कॉम्प्रेशन टेस्ट केली, चारही सिलिंडर सारखे. टर्बो उतरवला, दांडा हलवून बघितला, ढिला नाही. मी आणि गॅरेजवाले चाचा डोकं धरून बसलेलो तेवढ्यात बाबा डबा घेऊन आले. बाबांची अख्खी नोकरी इस्टेटमध्येच गेली, टर्बो वगैरे त्यांना माहीत नाही. टॉर्च घेऊन खाली वाकले, टर्बोतून चेंबरकडे (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) जाणाऱ्या ऑइलच्या पाइपावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मोरीला उतार कुठेय?"

बघतो तर खरंच. टर्बोत ऑइल प्रेशरने येतं पण परत जाताना फेसाळलेलं, नुसतं वजनाने खाली उतरतं. आम्ही पाइप एसीच्या कॉम्प्रेसरला चुकवायला खाली वाकवून परत वर घेतलेला, शिवाय चेंबरमधल्या ऑइलच्या लेव्हलच्या खाली जोडलेला. ऑइल तुंबलं, सीलमधून सुटलं, थेट सायलेन्सरात. मोरी तुंबली की पाणी घरात येतं, तसंच.

जाड पाइप घेतला, सरळ उतार दिला, भोक लेव्हलच्या वर पाडून वेल्डिंग केलं, तीन तासांत काम झालं. फक्त सायलेन्सरात साचलेलं जुनं ऑइल जळेपर्यंत अजून दोन दिवस थोडा धूर येत राहिला आणि तेवढ्यात वॉचमनने चेअरमनना सांगितलंच.