माझा अनुभव: नेलगन लगेच मिळते, ब्लेड मिळत नाही

हवेच्या दाबाने खिळे ठोकणारी ही गन निवडायला वेळ लागला नाही. फर्निचरच्या कामाला १८ गेजची (गेजचा आकडा मोठा तितका खिळा बारीक), ५० मिमीपर्यंत खिळा घेणारी एफ५० लागते. एफ३० स्वस्त पडते, पण ३० मिमीचा खिळा १९ मिमी प्लायमधून आरपार जाऊन पुढच्या प्लायच्या कडेत जेमतेम ११ मिमी उरतो. त्यावर कपाट उभं राहत नाही. बारीक पट्ट्यांना २३ गेजची पिनगन, जाड लाकडी चौकटीला १६ गेज. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात हे सगळं मिळतं.

खरा मनस्ताप ड्रायव्हर ब्लेडचा, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या, खिळ्यावर आपटणाऱ्या पोलादी पट्टीचा. त्याचं टोक झिजलं की खिळ्याचं डोकं वर राहतं आणि वरून लॅमिनेट बसत नाही. मग कारागीर कॉम्प्रेसरचं प्रेशर चढवत नेतात. ७० ते १०० पीएसआय ही साधारण मर्यादा, गनवर छापलेल्या आकड्याच्या वर तर कधीच जायचं नाही. झिजलेलं ब्लेड त्याने सुधारत नाही, आतला रबरी बंपर मात्र फुटतो.

सर्व्हिस सेंटरला ब्लेड मागितलं तर म्हणे सुटं येत नाही, पिस्टनसकट असेंब्ली मागवावी लागेल. मागवली. त्यानंतर फोन केला की एकच उत्तर, "माल वाटेत आहे." कुठली वाट, ते कोणी सांगेना. वॉरंटीचं विचारलं तर ब्लेड, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), बंपर हे झिजणारे भाग, त्यांना वॉरंटी नाही. कार्डाच्या मागे तसं बारीक अक्षरात छापलेलंही होतं. गिऱ्हाईक हँडओव्हरची तारीख विचारतंय, गन खोक्यात पडून, आणि काम स्क्रूवर चाललेलं. असेंब्ली आली तेव्हा ती बसवणं अगदीच किरकोळ निघालं: हवेचा पाइप काढायचा, खिळ्यांची पट्टी काढायची, वरच्या टोपीचे ॲलन स्क्रू सोडून जुना पिस्टन काढायचा, नवा घालायचा.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराकडे सुट्या भागांचा नकाशा मागा, ब्लेड आणि ओ-रिंग किट डोळ्यांनी बघा आणि गनसोबतच विकत घ्या. "नंतर मिळेल" म्हणाला तर पुढचं दुकान.

ओ-रिंग एक वेळ बाजारात मापाने मिळते, आतला व्यास आणि जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून न्या. ट्रिगरपाशी हवा फुसफुसत असेल तर तिथल्या व्हॉल्व्हची ओ-रिंग गेली, टोपीच्या सांध्यातून येत असेल तर आधी स्क्रू आवळून बघा.

दुकानात ट्रायलला आपल्याच प्लायचा तुकडा न्या. दुकानातल्या मऊ फळीवर कुठलीही गन छान चालते. गनचं नाक, म्हणजे पुढचं टोक, लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटता कामा नये, हेही तिथेच तपासा.

रोज सकाळी गनच्या हवेच्या तोंडात एअर टूल ऑइलचे दोन-तीन थेंब, इंजिन ऑइल नको. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेने कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, तेच गनमध्ये जाऊन गंज धरतं. रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून टाकी रिकामी करा.